उपजत गुण आणि नित्याचा अभ्यास

एखाद्या गृहस्थाने गायनात, विद्येत, मल्लविद्येत किंवा एखाद्या कारागिरीत नाव मिळविले, की त्याच्या यशाची मीमांसा करण्याचे श्रम न घेता, ‘ती त्याला उपजत देणगीच होती’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. या उद्गारात गौरवाची भावना असते यात शंका नाही. परंतु त्याने नकळत दोन अन्याय घडतात. ज्या माणसाने पहाटेची झोप, स्नेह्यांच्या बैठकी आणि कित्येकदा प्रकृतीही पणास लावून ते यश संपादन केले, त्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांची नोंदच त्या एका वाक्याने दप्तरातून कमी होते, हा पहिला. आणि ‘आपल्याला ती देणगी नाही, सबब आपण प्रयत्न करण्यात अर्थ नाही’ अशी सोयीची सूट आपण स्वतःस देऊन टाकतो, हा दुसरा. मूल सात-आठ वर्षांचे होते न होते तोच त्याला गाण्याच्या किंवा बुद्धिबळाच्या वर्गात घालून चार महिन्यांत ‘याला यात गती आहे का?’ असा सवाल शिक्षकांना करणारे आईबाप, आणि चाळिशी उलटल्यावर नवी भाषा शिकण्याची इच्छा असूनही ‘आता माझ्या डोक्यात काय शिरणार’ म्हणून ती इच्छा दडपणारे गृहस्थ व गृहिणी, हे सारे एकाच समजुतीचे बळी होत. ती समजूत तपासून पाहावी, नित्याच्या अभ्यासाने नेमके काय साधते आणि तो नित्याचाच का असावा लागतो हे समजून घ्यावे, आणि ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांना उपयोगी पडतील अशा काही व्यवहार्य सूचना कराव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उपजत देणगीचा विचार करताना गवयाच्या गळ्याइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. कारण गोड गळा जन्मतःच मिळावा लागतो, अशी आपली दृढ श्रद्धा असते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गायकांच्या कुळात जन्म, घरचीच तालीम आणि श्रोत्यांना जिंकणारा आवाज हे सारे त्यांच्या वाट्यास आले होते. परंतु ऐन उमेदीत, अमलेटा येथील दरबारी मुक्कामात, पुरेशी विश्रांती न मिळता सतत गाण्याचे प्रसंग आल्यामुळे तो आवाज बसला, आणि दीर्घ काळ लोटल्यावरही तो पूर्वीच्या रूपात परत आला नाही. निसर्गाने जे दिले होते ते असे हातचे गेल्यावर एखाद्याने गाणे सोडून दिले असते, तर त्याला कोणी दोष दिला नसता. खाँसाहेबांनी मात्र जो आवाज उरला होता त्याचे सामर्थ्य कशात आहे याचा शोध घेतला, आणि लयीशी घट्ट बांधलेली, वक्र व पेचदार चालीची, आकाराने एकेक मात्रा पेलीत जाणारी अशी एक स्वतंत्र गायकी अखंड परिश्रमाने सिद्ध केली. पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांच्या दरबारी त्यांना आश्रय मिळाला, आणि महाराष्ट्र व गोमंतक यांतील गायनाच्या इतिहासाला त्या गायकीने कायमचे वळण दिले. मूळच्या आवाजाने त्यांना उत्तम गवई केले असेल. एका घराण्याचे प्रवर्तक त्यांना केले ते तो आवाज गेल्यानंतरच्या साधनेने.

त्यांच्या शिष्यपरंपरेतही हेच दिसून येते. गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर १९२१ मध्ये खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडून त्यांना पूर्वीच विद्या मिळालेली होती. असे असता, जे येत होते ते बाजूस ठेवून, नव्या गुरूच्या कठोर शिस्तीत पुन्हा पायापासून प्रारंभ करावयाचा आणि वर्षामागून वर्षे ती तालीम चालू ठेवावयाची, हे त्यांनी केले. आणि १९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात जी ध्वनिमुद्रिका पाठविली, तीत भारतीय संगीत म्हणून जे गायन आहे ते त्यांच्या भैरवीचे आहे. पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घर सोडल्याची कथा सर्वांस ठाऊक असते, कारण ती रोमहर्षक आहे. परंतु अनुकरण करण्याजोगा भाग त्यापुढचा, म्हणजे कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांपाशी काढलेल्या वर्षांचा आहे. तेथे सकाळी तोडी, दुपारी मुलतानी आणि संध्याकाळी पूरिया हे मोजके राग दिवसामागून दिवस घोटून घेतले जात. नवनव्या रागांची यादी लांबविण्याऐवजी थोड्याच रागांत स्वर कसा लावावा, दमसास कसा टिकवावा आणि गळ्यास वळण कसे द्यावे हे पक्के झाले, म्हणूनच पुढे कोणताही राग त्यांना परका राहिला नाही.

संगीत ही कला झाली. परंतु विद्येच्या क्षेत्रातही निराळा न्याय नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा इंग्रजी महाग्रंथ पाच खंडांचा असून त्याची पृष्ठसंख्या साडेसहा हजारांवर जाते. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा काणे पन्नास वर्षांचे होते, आणि अखेरचा भाग १९६२ मध्ये निघाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. एवढा व्याप पाहून कोणाही वाचकास असे वाटेल, की हे अलौकिक बुद्धीचेच काम. आणि काणे यांची बुद्धी असामान्य होती हे कोण नाकारील? तरीपण एक साधा हिशेब मांडून पाहावा. बत्तीस वर्षांत साडेसहा हजार पृष्ठे म्हणजे वर्षाला सुमारे दोनशे, आणि दिवसाला जेमतेम अर्ध्या पानाहून किंचित अधिक. त्या अर्ध्या पानामागे स्मृती, भाष्ये, निबंधग्रंथ आणि शिलालेख यांचे अफाट वाचन होते हे खरे. पण ते वाचनही असेच दैनंदिन हप्त्यांनी झालेले होते. उच्च न्यायालयातील वकिली, अध्यापन, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि संसाराच्या जबाबदाऱ्या सांभाळूनच हे काम पार पडले. कोणत्याही एका दिवशी त्यांनी केलेले काम पाहिले असते तर ते चमत्कार म्हणून कोणासही वाटले नसते. चमत्कार आहे तो दिवसांच्या साखळीत, आणि १९६३ मध्ये राष्ट्राने ‘भारतरत्न’ देऊन गौरव केला तो त्या साखळीचाही होता असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सर्व माणसे समान शक्तीची जन्मत नाहीत, मग अभ्यासाचा महिमा सांगताना उपजत गुणाला शून्य किंमत द्यावयाची काय? तसे करणे सत्याला धरून होणार नाही. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सर्वोत्तम गणलेल्या विद्यार्थ्यांचा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा एकांतातील सराव सरासरीने सुमारे ७४०० तास, त्याखालच्या गटाचा ५३०० तास आणि संगीतशिक्षक होऊ घातलेल्यांचा ३४०० तास भरला. या आकड्यांवरून काही लोकांनी असे अनुमान काढले, की अमुक हजार तास भरले म्हणजे कोणीही निष्णात होतो. परंतु २०१४ मध्ये अनेक संशोधनांचा एकत्र ताळा घेण्यात आला तेव्हा असे आढळले, की संगीतातील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे २१ टक्के आणि खेळांतील सुमारे १८ टक्के फरकांचाच उलगडा सरावाच्या प्रमाणावरून होतो. बाकीच्या भागात प्रारंभाचे वय, गुरूची योग्यता, सरावाचा दर्जा, शरीराची घडण, घरची परिस्थिती आणि उपजत शक्ती अशा अनेक कारणांचा वाटा असू शकतो. मग अभ्यासाचे श्रेष्ठत्व कशात? ते यात, की या सर्व कारणांपैकी जन्म, वय आणि शरीर ही आपल्या अखत्यारीत नाहीत, परिस्थिती थोडीबहुत आहे, आणि रोजचा अभ्यास मात्र आपल्या स्वाधीन आहे. शिवाय कोणाच्या अंगी किती गुण आहे हे अभ्यास केल्याखेरीज कळण्याची सोय नाही. उपजत गुण हा वाडवडिलांकडून मिळालेल्या वतनी जमिनीसारखा आहे. ती काळीभोर असो की मुरमाड, नांगर फिरल्याशिवाय तीत काय पिकेल हे सांगता येत नाही, आणि पडीक राहिलेल्या काळ्या जमिनीपेक्षा दरसाल कसलेली मुरमाड जमीनच घराला अन्न पुरविते.

आता हा अभ्यास नित्याचाच का हवा? आठवड्याचे सात तास एकाच रविवारी का भरून काढू नयेत? या प्रश्नाचे उत्तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच देऊन ठेवले आहे. त्याने निरर्थक शब्दखंडांच्या मालिका करून त्या स्वतःच पाठ करण्याचे प्रयोग चिकाटीने चालविले, आणि त्यांतून असे दिसून आले, की एका बैठकीत ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जो लाभ पदरात पडे, तेवढाच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळे. याचा अर्थ असा, की विभागलेल्या अभ्यासात जवळजवळ निम्मे श्रम वाचतात. शिकलेली गोष्ट थोडी विसरू लागावी आणि तेवढ्यात ती प्रयत्नपूर्वक पुन्हा आठवावी, या क्रियेनेच ती दृढ होत जाते. आणि दोन बैठकींच्या मध्ये येणारी रात्रीची झोपही फुकट जात नाही, कारण दिवसा गिरविलेल्या आठवणी आणि हालचाली झोपेत पक्क्या होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकलेले ज्ञान परीक्षा संपताच निघून जाते, आणि बालपणी रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसून म्हटलेले पाढे म्हातारपणीही ओठांवर असतात, याचे कारण हेच.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात अभ्यास दृढ होण्यास तीन अटी घातल्या आहेत: तो खंड न पडता चालावा, दीर्घ काळ चालावा आणि आदरबुद्धीने केला जावा. चित्ताच्या निरोधासाठी सांगितलेल्या या अटी कोणत्याही विद्येस लागू पडतात, म्हणून त्यांच्याच अनुरोधाने पुढील सूचना करतो.

पहिली अट अखंडतेची. ‘सवड मिळेल तेव्हा बसेन’ असे म्हणणाऱ्यास सवड कधीच मिळत नाही. म्हणून वेळ ठरवावी, आणि ती घड्याळापेक्षाही एखाद्या रोजच्या कृत्याला जोडून ठरवावी: स्नान झाल्यावर, सकाळचा चहा घेतल्यावर, दिवेलागणीनंतर. वेळेप्रमाणेच जागा नेमलेली असावी आणि साधने हाताशी असावीत. तानपुरा गवसणीतून काढून जुळविलेला, वही उघडलेली, पुस्तकात खूण घातलेली असली, की बसण्यापूर्वीचा आळस निम्म्याने कमी होतो, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत राहिला तर उरलेलाही ओसरतो. आरंभी माप थोडके ठेवावे. उत्साहाच्या भरात तीन तासांचा संकल्प सोडून दहाव्या दिवशी तो मोडण्यापेक्षा वीस मिनिटांचा नेम करावा, आणि तो असा असावा की घरी पाहुणे असोत, कचेरीत कामाचा तगादा असो, तरी पाळता यावा. नेम अंगवळणी पडला म्हणजे माप आपोआप वाढते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय सहजपणे घडू लागण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. मात्र व्यक्तीपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा तीन आठवड्यांत सवय जडली नाही म्हणून निराश होऊ नये, आणि आजारपणात किंवा प्रवासात एक दिवस खाडा झाला म्हणून सारा नेमच सोडू नये. एक दिवस चुकला तर चुकला, पण लागोपाठ दोन दिवस चुकू द्यावयाचे नाहीत, एवढा निर्बंध स्वतःवर घालून घेतला तरी पुरे.

दुसरी अट दीर्घकाळाची, आणि बहुतेकांचा धीर सुटतो तो येथेच. आरंभीच्या दिवसांत प्रगती झपाट्याने होते व तिचा आनंद मिळतो. नंतर असे महिने येतात, की रोज बसूनही हाती काही लागत नाही असे वाटते. तबल्याचा विद्यार्थी एकच कायदा ठाय लयीत वाजवून दुगुनीस येतो, आणि तेथेच बोल अस्पष्ट होऊन हात अडखळतो. इंग्रजी शिकणारा वाचलेले समजू लागतो, पण बोलावयास उभा राहिला की वाक्य जुळत नाही. या काळात वरून दिसत नसले तरी आतले काम चालू असते, याचा भरवसा बाळगणे जरूर आहे. आणि तो भरवसा नुसत्या श्रद्धेवर राहू नये म्हणून नोंद ठेवावी. व्यापारी जशी रोजकीर्द लिहितो तशी एका वहीत तारीख, वेळ, काय केले आणि काय जमले नाही, एवढ्या चारच गोष्टी दोन ओळींत लिहाव्या. गाणाऱ्याने किंवा वाजविणाऱ्याने महिन्यातून एकदा आपले तेच पलटे, तोच कायदा ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि सहा महिन्यांनी जुने मुद्रण ऐकावे. लेखन करणाराने जुने पान वाचावे. शेजारच्या मुलाशी किंवा सहाध्यायी मित्राशी तुलना करून कोणाचेच हित झालेले नाही. आपली तुलना आपल्याच सहा महिन्यांपूर्वीच्या कामाशी करावी, म्हणजे कोठे वाढ झाली आणि कोठे तसेच राहिले हे निर्विवाद कळते.

तिसरी अट आदराची. आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची असून हिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. वीस वर्षे रोज मोटार चालविणारा मनुष्य वीस वर्षांनी शर्यतीत उतरण्याजोगा होत नाही, कारण तो फक्त पुनरावृत्ती करीत असतो. अभ्यासाला बसताना आज आपल्याला नेमके काय सुधारावयाचे आहे, हे ठरलेले असले पाहिजे. जे येते तेच पुन्हा पुन्हा करण्यात मनाला सुख वाटते आणि जे अडते ते टाळण्याकडे त्याची धाव असते. तेथेच त्याला आवर घालावा लागतो. अर्ध्या तासाची बैठक असेल तर पहिली पाच मिनिटे कालच्या कामाच्या उजळणीस द्यावीत, पुढची वीस मिनिटे अवघड वाटणाऱ्या एकाच जागेवर, अत्यंत सावकाश, चूक होऊ न देता खर्चावीत, आणि शेवटची पाच मिनिटे ती जागा संपूर्ण बंदिशीत, उताऱ्यात किंवा गणितात घालून पाहावी. गाणाऱ्याने पहाटे खर्जावर स्थिर व्हावे आणि एकच पलटा तानपुऱ्याशी ताडून पाहत आधी विलंबित, मग दुप्पट लयीत घ्यावा. गणिताच्या विद्यार्थ्याने सोडविलेली उदाहरणे नुसती वाचीत न बसता पुस्तक मिटून ती स्वतः मांडावीत, आणि जेथे अडले तेवढेच उघडून पाहावे. भाषा शिकणाराने दहा ओळी मोठ्याने वाचाव्या, स्वतःची पाच वाक्ये लिहावी आणि ती जाणकाराकडून तपासून घ्यावी.

या तपासणीचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच. चुकीचा स्वर हजार वेळा लावला तर तो हजारपट पक्का होतो, आणि पुढे तो काढून टाकण्यास नव्याने शिकण्याहून अधिक श्रम पडतात. आपल्या परंपरेत शिष्याने गुरूसमोर बसून तालीम घ्यावी आणि मग एकांतात रियाज करावा, अशी जी दुहेरी व्यवस्था होती, तिचे मर्म हेच होते: दोष दाखवून देण्याचे काम गुरूच्या कानाने करावे आणि तो घालविण्याचे काम शिष्याच्या श्रमाने. रोज गुरू लाभणे आज कठीण असले, तरी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा आपले काम जाणकारापुढे ठेवावे आणि त्याने सांगितलेला एकच दोष पुढच्या मुदतीपर्यंत दूर करण्याचा प्रयत्न करावा. विश्रांतीही या आदराचाच भाग होय. बर्लिनच्या त्या उत्तम वादकांनी दिवसभर वाद्य हातात धरून ठेवले नव्हते. ते ठरावीक बैठकी करीत, मध्ये विसावा घेत आणि इतरांपेक्षा अधिक झोप घेत. लक्ष विचलित झाल्यावर केवळ तास भरण्यासाठी बसून राहणे म्हणजे चुका गिरविणे. गवयाने तर अल्लादिया खाँसाहेबांवर ओढवलेला प्रसंग स्मरणात ठेवून गळ्याला विश्रांती देणे हेही रियाजाइतकेच कर्तव्य मानावे.

आईबापांसाठी दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. मुलाला ‘तू किती हुशार आहेस’ असे वारंवार म्हणण्यापेक्षा ‘आज तू ती जागा पाच वेळा करून पाहिलीस, हे फार चांगले केलेस’ असे म्हणावे. कारण हुशारीचे कौतुक झालेल्या मुलाला ती हुशारी गमावण्याचे भय वाटू लागते व अवघड काम तो टाळू लागतो, उलट श्रमाचे कौतुक झालेल्या मुलाच्या हाती पुढच्या दिवशी करण्याजोगे काहीतरी असते. त्याला गती आहे की नाही, याचा निकाल निदान दोन वर्षे तहकूब ठेवावा. आणि शक्य असल्यास त्याच्या अभ्यासाच्या वेळी घरातील एका तरी वडीलधाऱ्याने स्वतःचे काही वाचन किंवा शिक्षण घेऊन शेजारी बसावे. उपदेशापेक्षा या सोबतीचा परिणाम मोठा होतो.

नित्याच्या अभ्यासाने प्रत्येक गाणारा केसरबाई होईल किंवा प्रत्येक विद्यार्थी काणे होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. कीर्ती ही अनेक योगायोगांची फलश्रुती आहे, आणि तिच्या मागे लागणाऱ्याचा अभ्यास टाळ्या थांबताच थांबतो. परंतु जो मनुष्य एक वर्षभर रोज अर्धा तास लक्षपूर्वक बसला, त्याने एकशे ब्याऐंशी तासांची अशी जिंदगी जमा केली, की जी ना चोरीस जाते ना वाटणीत विभागली जाते. तो काल जे करू शकत नव्हता ते आज करू शकतो, आणि आपण शिकू शकतो हा जो विश्वास त्यातून उत्पन्न होतो, तो त्याला पुढच्या प्रत्येक कामात उपयोगी पडतो. तेव्हा हा लेख वाचून झाल्यावर, आपल्या अंगी गुण किती याचा विचार करीत न बसता, एक विषय निवडावा, एक वेळ नेमावी, ती घरच्या माणसांस सांगून ठेवावी म्हणजे तेही ती राखतील, आणि आपल्याला जी जागा सर्वांत अवघड वाटते तिच्यापासून उद्या सकाळीच आरंभ करावा.